चाचणीच्या सर्व्हरचे घड्याळ फिरवताना

संपादक महोदय,

मार्चअखेर जवळ आली की बँका, पतसंस्था, महापालिका, विद्यापीठे यांच्या सॉफ्टवेअरची नव्या आर्थिक वर्षासाठी चाचणी सुरू होते. चाचणीच्या सर्व्हरची तारीख १ एप्रिल करायची, व्याज नीट लागते का, पावती क्रमांक एकपासून सुरू होतात का ते बघायचे आणि तारीख पुन्हा आजची करायची, असा साधारण रिवाज. ही चाचणी हवीच. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टची अ‍ॅझ्युर ही क्लाउड सेवा कोलमडली, ती सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत काढताना वर्षाच्या आकड्यात नुसता एक मिळवल्यामुळे. २९ फेब्रुवारी २०१३ नावाची तारीखच नाही. २०२४ च्या लीप दिवशी न्यूझीलंडमध्ये स्वयंसेवा पेट्रोल पंपांवर कार्डाने पैसे भरता येईनात. तेव्हा आमचा आक्षेप चाचणीला नाही, ती ज्या बेफिकिरीने उरकली जाते तिला आहे.

पूर्वी चाचणीचे यंत्र टेबलाखाली असायचे. काही बिघडले तर समोर बसून तारीख दुरुस्त करता येई. आता ते कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये असते, त्यात नेटवर्कवरूनच शिरावे लागते, आणि नेटवर्कवरच्या बहुतेक ओळखतपासणीत वेळ गुंतलेली असते. विंडोज डोमेनमध्ये, म्हणजे कार्यालयातली यंत्रे एकाच ठिकाणाहून सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, ओळख पटवणारी कर्बेरॉस यंत्रणा दोन घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक खपवून घेत नाही; मूळ सेटिंगच तसे आहे. तारीख पुढे केल्यावर रिमोट डेस्कटॉपची, म्हणजे दूरच्या यंत्राचा पडदा दाखवणारी, उघडी खिडकी चालू राहते, म्हणून सगळे ठीक वाटते. ती एकदा तुटली की पुन्हा आत प्रवेश नाही. लिनक्सवाले निर्धास्त असतात, कारण पासवर्डऐवजी किल्लीच्या फाइलवर चालणारे साधे एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरण्याची सोय, तारखेकडे बघत नाही. पण त्या खात्याच्या पासवर्डला नव्वद दिवसांची मुदत असेल आणि घड्याळ चार महिने पुढे गेले असेल, तर किल्ली बरोबर असूनही सर्व्हर ‘आधी पासवर्ड बदला’ म्हणून अडून बसतो आणि आपोआप चालणारी स्क्रिप्ट तिथेच लटकते. नव्वद दिवसांच्या मुदतीची वेब प्रमाणपत्रेही अशा उडीत संपलेली दिसतात. शेवटी चाचणी कशीबशी पूर्ण झाली, तरी अहवाल अ‍ॅमेझॉनच्या एसथ्री साठवणीवर चढवताना नकार येतो, कारण तिथे पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चुकलेल्या घड्याळाची विनंती स्वीकारत नाहीत.

ही झाली दिसणारी बिघाडे. त्याहून वाईट म्हणजे चाचणी ‘पास’ होते, पण नव्या तारखेवर झालेलीच नसते. यंत्राची वेळ जुळवणारी सेवा, म्हणजे लिनक्सवर क्रॉनी किंवा टाइमसिंकडी आणि विंडोजवर विंडोज टाइम, चालूच ठेवली तर ती बदललेली तारीख गुपचूप परत आणू शकते. ती बंद केली तरी आभासी यंत्राखालचा हायपरव्हायजर, म्हणजे एका खऱ्या संगणकावर अशी अनेक यंत्रे चालवणारी प्रणाली, वेळ जुळवतो तो वेगळाच. व्हीएमवेअरच्या टूल्समध्ये वेळ जुळवण्याची खूण काढून टाकली तरी स्नॅपशॉट, म्हणजे यंत्राची आधी जपलेली प्रत, पूर्ववत करताना, यंत्र झोपेतून उठताना किंवा टूल्स सुरू होताना एकदा वेळ जुळवली जातेच. त्यासाठी आणखी काही सेटिंग्ज स्वतंत्रपणे बंद करावी लागतात. हायपर-व्हीच्या इंटिग्रेशन सर्व्हिसेस आणि व्हर्च्युअलबॉक्सची गेस्ट अ‍ॅडिशन्सही हेच काम करतात. म्हणून प्रत्येक चाचणीच्या आधी आणि नंतर त्या यंत्रालाच तारीख विचारून अहवालात छापली पाहिजे. दोन्हींतले अंतर प्रत्यक्ष गेलेल्या वेळेशी जुळले नाही, तर निकाल काहीही असो, ती चाचणी रद्द.

‘प्रत्यक्ष गेलेला वेळ’ मोजायचा कसा? प्रत्येक संगणकात दोन घड्याळे असतात असे समजा: एक भिंतीवरचे, जे फिरवता येते, दुसरे यंत्र सुरू झाल्यापासून नुसते पुढे मोजत जाणारे, ज्याला मोनोटॉनिक म्हणतात. तारीख बदलली तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. चाचणीचा कालावधी भिंतीवरच्या घड्याळाने मोजणाऱ्या साधनांच्या अहवालात ‘उणे अमुक सेकंद’ असले आकडे दिसतात ते याचमुळे.

हाच भेद परतीच्या सोयीसाठी कामाचा आहे, आणि नेमका तोच विसरला जातो. दूरच्या यंत्राची तारीख बदलण्याआधी, ‘चाळीस मिनिटांनी काहीही झाले तरी घड्याळ पूर्ववत कर’ असे काम त्या यंत्रावरच लावून ठेवायचे असते. बरेच जण ते क्रॉन किंवा ‘अ‍ॅट’ या ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सोयींनी लावतात. दोन्ही भिंतीवरचे घड्याळ बघतात. तारीख पुढे नेली की ‘अ‍ॅट’चे काम लगेच सुटते आणि चाचणी सुरू होण्याआधीच घड्याळ जागेवर येते, तारीख महिनाभर मागे नेली तर ते काम महिनाभर सुटतच नाही. लिनक्सवरच्या सिस्टिमडी-रन या आज्ञेला ‘ऑन-अ‍ॅक्टिव्ह’ पर्याय देऊन लावलेला टायमर मोनोटॉनिक घड्याळावर चालतो, म्हणून तो वापरावा. तो नसेल तर पार्श्वभूमीत चाळीस मिनिटांचा साधा ‘स्लीप’ आणि त्यापुढे पूर्ववत करण्याच्या आज्ञा, हेही पुरते, कारण स्लीपला तारखेशी देणेघेणे नसते. फक्त लॉगिन तुटल्यावर तो मरणार नाही अशा रीतीने सुरू करावा. हा टायमर खरेच सुटतो का, हे घड्याळाला हात न लावता एकदा पाच मिनिटांवर लावून बघावे.

परत आणतानाही गंमत आहे. क्रॉनीच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये घड्याळ एकदम उडी मारून दुरुस्त करण्याची परवानगी सेवा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरती असते. ती सेवा न थांबवता तारीख वीस दिवस पुढे नेली, तर पुढची दुरुस्ती ती घड्याळ हळूहळू सरकवून करते. मूळ मर्यादेनुसार बारा सेकंदांत जास्तीत जास्त एक सेकंद, म्हणजे वीस दिवस भरून यायला आठ महिने. म्हणून आधी सेवा थांबवायची, चाचणी झाल्यावर ती नव्याने सुरू करायची किंवा ‘मेकस्टेप’ची आज्ञा द्यायची. एनटीपीडी हा वेळ जुळवणारा जुना प्रोग्रॅम हजार सेकंदांहून जास्त फरक दिसला की घाबरून स्वतःच बंद पडतो. डोमेनबाहेरचे विंडोज यंत्र पंधरा तासांहून मोठा फरक दुरुस्त करायला नकार देते. आधी तारीख हाताने जवळपास आणावी लागते आणि मगच जुळवणी होते.

यंत्र परत आले तरी त्यातला मजकूर परत येतोच असे नाही. रेडिस हा डेटाबेस किल्लीची, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या नोंदीची, मुदत ठरावीक क्षण म्हणून साठवतो, त्यामुळे घड्याळ पुढे गेले की नव्या तारखेआधी मुदत संपणाऱ्या सगळ्या किल्ल्या एका फटक्यात जातात. प्रोग्रॅमांमधले संदेश साठवून पोचवणारा काफ्का मूळ सेटिंगनुसार सात दिवसांपलीकडचे संदेश काढून टाकतो. तारीख पंधरा दिवस पुढे केली तर आज सकाळचे संदेशही ‘जुने’ ठरतात आणि घड्याळ मागे आणून ते मिळत नाहीत. अनेक लिनक्सवर तात्पुरत्या फोल्डरमधल्या दहा दिवसांपूर्वीच्या फाइल्स रोज झाडल्या जातात, त्यात चाचणीची स्वतःची सामग्रीही जाते. डोमेनमधले विंडोज यंत्र दर तीस दिवसांनी स्वतःचा पासवर्ड डोमेनशी बदलून घेते. पुढच्या तारखेवर त्याने तो बदलला आणि नंतर जुना स्नॅपशॉट चढवला, की यंत्राकडे जुना पासवर्ड आणि डोमेनकडे नवा. मग यंत्र डोमेनमधून काढून पुन्हा जोडण्यावाचून अनेकांना मार्ग उरत नाही. घड्याळ मागे नेण्याचे तोटे वेगळे: नोंदींचा क्रम उलटा होतो, प्रोग्रॅम बांधणारी ‘मेक’सारखी साधने फाइल भविष्यातली आहे म्हणून कुरकुरतात, परवान्यावर चालणारी काही सॉफ्टवेअर घड्याळ मागे गेलेले ओळखून थेट बंद पडतात.

थोडक्यात, ज्या यंत्राचे घड्याळ फिरवायचे ते टाकाऊ हवे. नवे आभासी यंत्र उभे करा, डोमेनला जोडू नका, काम झाल्यावर पुसून टाका. आभासी यंत्रे चालवणाऱ्या क्यूईएमयूमध्ये तर यंत्र सुरू करतानाच त्याच्या हार्डवेअर घड्याळाची तारीख देता येते, आत शिरून बदलायचीही गरज नाही. मात्र प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारा डॉकरचा कंटेनर म्हणजे असे वेगळे यंत्र नव्हे. त्याची तारीख म्हणजे खालच्या यजमान यंत्राचीच तारीख. जास्तीचा अधिकार देऊन कंटेनरमधून ती बदलली, तर त्या यंत्रावरच्या बाकी सगळ्या कंटेनरांचीही बदलते. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ५.६ आवृत्तीत, २०२० साली, ‘टाइम नेमस्पेस’ आले खरे, पण त्यात फक्त मोनोटॉनिक आणि बूटपासूनची घड्याळे वेगळी करता येतात, तारीख नाही. हे वाचून न घेता ‘आता कंटेनरला स्वतःची तारीख मिळाली’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात.

सगळ्यात बरे म्हणजे घड्याळाला हातच न लावणे. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत २०१४ पासून, आठव्या आवृत्तीत, ‘क्लॉक’ हा प्रकार आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रॅमिंग साधनाच्या आठव्या आवृत्तीत २०२३ मध्ये ‘टाइमप्रोव्हायडर’ आला. प्रोग्रॅमने ‘आत्ता किती वाजले’ हे थेट यंत्राला न विचारता अशा एका वस्तूला विचारायचे, आणि चाचणीत त्या वस्तूने १ एप्रिल सांगायचे. जुन्या, न बदलता येणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लिनक्सवर लिबफेकटाइम आहे, जी त्या एकाच प्रोग्रॅमला खोटी तारीख दाखवते. गो भाषेतल्या प्रोग्रॅमवर तिची मात्रा चालत नाही, कारण ते मधल्या सी लायब्ररीला न विचारता थेट कर्नलकडून वेळ घेतात. दोन्ही उपायांत एक भोक राहते: डेटाबेसच्या क्वेरीत, म्हणजे त्याला दिलेल्या आज्ञेत, ‘नाऊ’ (आत्ताची वेळ) वापरले असेल तर तिथे खरी तारीखच येते. मग पावतीवर १ एप्रिल आणि खतावणीत २० मार्च. चाचणीपूर्वी सगळ्या क्वेरींमध्ये हा शब्द शोधून काढावा.

आणि तपासायचे काय, तर नुसता १ एप्रिल नाही. अनेक सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे १ एप्रिलची मध्यरात्र होते तेव्हा तिथे ३१ मार्चचे १८:३० वाजलेले असतात. पहाटे साडेपाचपर्यंतचा प्रत्येक व्यवहार चुकून जुन्या आर्थिक वर्षात जाऊ शकतो. चाचणीचा मुख्य क्षण म्हणून जागतिक वेळेचे १८:२९:५० घ्यावे आणि तिथून साडेपाच तासांचा पट्टा पालथा घालावा. दुपारी बाराला १ एप्रिल लावून केलेल्या चाचणीत ही चूक कधीच सापडत नाही.

आणखी एक बाजू कायद्याची. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी आपल्या सर्व संगणक यंत्रणांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत आणि नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. मुद्दाम चुकीचे लावलेले घड्याळ घेऊन एखादे यंत्र कार्यालयाच्या नेटवर्कवर बसले आणि त्याच्या नोंदी मध्यवर्ती साठ्यात मिसळल्या, तर एखाद्या घुसखोरीचा माग काढताना त्या नोंदी नुसता घोळ घालतील. आमच्या मते अशी यंत्रे वेगळ्या नेटवर्कवर आणि नोंदींच्या साठ्याबाहेरच असावीत. चाचणी यंत्रांबाबत सर्ट-इननेही स्पष्ट शब्दांत खुलासा करावा.

सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या पतसंस्था आणि नगरपालिकांना हे सारे तांत्रिक वाटेल. त्यांनी निविदेत तीनच गोष्टी मागाव्यात: चाचणीच्या अहवालात सुरुवातीची आणि शेवटची यंत्रतारीख, तारीख कोणत्या पद्धतीने बदलली त्याचा उल्लेख, आणि मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या व्यवहारांचे निकाल.

२०३८ चेही आत्ताच विचारून घ्यावे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजणारा ३२ बिटी आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतो आणि पुढच्या सेकंदाला तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाते. मायएसक्यूएल या डेटाबेसचा ‘टाइमस्टँप’ प्रकारही त्याच सेकंदाला संपतो. आज दिलेले वीस वर्षांचे गृहकर्ज ती तारीख आधीच ओलांडते. हे तपासायला कुठलेही घड्याळ फिरवावे लागत नाही: आजच्या तारखेला असे एक कर्ज नोंदवायचे आणि शेवटच्या हप्त्याची तारीख कागदावर काय उमटते ते बघायचे.

आपले,
सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रातील काही वाचक, पुणे