चौकशी तुमच्याकडे, गप्पा माझ्याकडे

विश्रामबाग, सांगली

ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, ‘तुझ्या लग्नासाठी आम्ही नेमकं काय करायचं आणि काय नाही, ते एकदा लिहूनच पाठव’ असं म्हणालात, म्हणून हे लांबलचक पत्र. आई, चष्मा लावून एकदाच नीट वाच, म्हणजे दर रविवारी फोनवर तेच ते दळण नको. वाटणी सोपी आहे. कागदावर जे तपासता येतं ते तुम्ही तपासायचं, माणूस कसा आहे ते मी बघायचं. सध्या होतंय उलटं. तुम्ही पहिल्याच फोनवर मुलाचा स्वभाव विचारता (कोण सांगणार आहे, तापट आहे म्हणून?) आणि घरावर कर्ज किती हे मी चहा पिता पिता विचारावं अशी अपेक्षा असते.

आधी बायोडेटा. नात्यातल्या ग्रुपांवर जो फिरतोय तो आता परत घेता येणार नाही, पण यापुढे मी पाठवीन तोच द्यायचा. जुन्या कागदावर जन्मतारीख, वेळ, घरचा पत्ता, दोघांचे मोबाइल, माझा पगार आणि चारी मामांची नावं एकाच पानावर आहेत. बँकेच्या नावाने खोटा फोन करणाऱ्याला एवढं मिळालं की तो तुमच्याशी घरच्यासारखा बोलतो, आणि तिथेच माणूस फसतो. नव्या बायोडेट्याची दोन पानं असतील. पहिल्यावर नाव, जन्माचं फक्त साल, उंची, शिक्षण, ‘सांगलीत अकाउंट्समध्ये नोकरी’, मूळ गाव, अपेक्षा दोन ओळींत आणि बाबांचा एकच नंबर. दुसरं पान दोन्ही घरचं बोलणं झाल्यावरच द्यायचं. फोटोवर ‘फक्त विवाहासाठी’ आणि महिना-साल अशी फिकट अक्षरं मधोमध असतील. दिसायला वाईट दिसतं, मान्य. पण कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं आणि त्या फोटोवर कुणीही खोटं प्रोफाइल काढतो. आधार कार्ड कुणालाच पाठवायचं नाही. कुणी फारच अडून बसलं तर मला सांगा, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मी काढून देते. आणि ‘स्थळ पक्कं आहे, फक्त फाइल चार्ज भरा’ म्हणणाऱ्याचा नंबर तिथल्या तिथे ब्लॉक करा.

पत्रिकेबद्दल वाद घालत नाही, फक्त हिशेब मांडते. छत्तीस गुण येतात कुठून? वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट ७, नाडी ८. हे सगळं चंद्राची रास आणि नक्षत्र यांवरून काढतात, आणि चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे माझ्या जन्माच्या दिवशी सातारच्या सिव्हिलमध्ये जेवढी बाळं झाली, त्या सगळ्यांचे गुण कुठल्याही एका मुलाशी जवळपास सारखेच जुळणार. अठराच्या वर आले की तुम्हाला समाधान, ठीक आहे, बघा. पण एकनाड निघाली म्हणून चांगलं स्थळ परस्पर नाही म्हणून टाकायचं नाही. ते माझ्यापर्यंत येऊ दे.

त्याच तोडीची दुसरी भीती, नवरा-बायकोचा रक्तगट एक नको ही. एक असला तर काहीही बिघडत नाही. प्रश्न येतो तो आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर, आणि त्यालाही उपाय ठरलेला आहे: साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा एक. खरी विचारायची गोष्ट वेगळीच आहे, थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा नुसता वाहक असणं. तो असलेला माणूस ठणठणीत असतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. पण दोघांनाही असला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे तोच आजार गंभीर रूपात, होण्याची शक्यता २५ टक्के. सीबीसी आणि एचबीए-टू या तपासण्या बोटभर नळीतल्या रक्तावर होतात. माझा रिपोर्ट तयार आहे. समोरच्याचा मी मागणार आहे, तेव्हा ‘मुलीनं असं विचारावं का’ म्हणून तिकडे माफी मागत बसू नका.

आता तुम्हाला न आवडणारा भाग, डेटिंग ॲप. हे ॲप म्हणजे बाजार नव्हे आणि लफड्यांचा अड्डाही नव्हे. वय आणि अंतर टाकलं की त्या टापूतली, तेच ॲप वापरणारी माणसं ते दाखवतं, बस. आपल्या भागात सगळा खेळ अंतराचा आहे. सांगली-मिरज-कुपवाडपुरतं १० किलोमीटर ठेवलं तर ऑफिसचा डिस्पॅचवाला, शाळेतला वर्गमित्र आणि घरमालकांचा भाचा, एवढेच दिसतात. अंतर सरळ रेषेत मोजतात, त्यामुळे ५० ठेवलं की जयसिंगपूर, इचलकरंजी, कोल्हापूर आत येतं, ७० केलं की कऱ्हाड. पुण्याला जायचंच नसेल तर त्यापुढे ताणण्यात अर्थ नाही. नुसत्या मेसेजवर दोन-दोन महिने चाललेली ओळख सहसा भेटीत पहिल्या दहा मिनिटांत कोसळते, म्हणून जास्त लांबवायचं नाही. आठवडाभर ॲपमध्येच बोलायचं, नंबर द्यायचा नाही. मग दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल. ‘कॅमेरा बिघडलाय’ हे उत्तर दुसऱ्यांदा आलं की विषय संपला. जहाजावरचा इंजिनिअर, परदेशातला डॉक्टर, कस्टममध्ये अडकलेलं पार्सल, दुप्पट नफा देणारं गुंतवणुकीचं ॲप, हे साचे ठरलेले आहेत. प्रेम कितीही उतू जात असो, पैशाचा शब्द आला की तिथे पूर्णविराम. कुणी फसलंच (आपल्या नात्यातही सांगून ठेवा) तर लाजत दोन दिवस घालवायचे नाहीत. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येतात, उशीर झाला की हाती फक्त तक्रारीची पावती राहते.

पहिली भेट दुपारी चार ते साडेपाच, गजबजलेल्या ठिकाणी, म्हणजे शंभर फुटी रोडवर किंवा विश्रामबागेत. येणं-जाणं आपापल्या गाडीने. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास एवढेच पर्याय देतं. एका तासाचं लोकेशन भेट चालू असतानाच बंद पडतं, म्हणून आठ तासांचं चालू करून मैत्रिणीला पाठवायचं आणि घरी आल्यावर बंद करायचं. दंडोबा, सागरेश्वर, तुमच्याकडचं कास-यवतेश्वर ही ठिकाणं कितीही सुंदर असली तरी पहिल्या भेटीची नव्हेत. दिवस मावळला की तिकडे माणूस दिसत नाही आणि रेंजही जाते. बिल निम्मं-निम्मं. बाबा, यात कुणाचा अपमान नसतो. पुढे ‘एवढा खर्च केला’ हा सूर लागू नये म्हणून ते. दुसरी भेट जरा निवांत, हरिपूरला संगमावर किंवा भावे नाट्यमंदिरात नाटक असलं तर तिथे. तिसरी चार मित्रमैत्रिणींत, कारण वेटरशी आणि मित्रांशी माणूस कसा बोलतो ते तिथे कळतं, माझ्याशी तर तो गोडच बोलणार. या तीन भेटी होईपर्यंत ‘काय ठरलं?’ हा फोन करायचा नाही. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत ‘जा, दोघं बोलून या’ म्हणून गॅलरीत पाठवलेल्या पंधरा मिनिटांत दोघंही फक्त नोकरीची माहिती सांगतात, आणि ती बायोडेट्यात असतेच.

तारखा ठरवताना माझं कॅलेंडर बघा. दर महिन्याला कर आणि जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या तारखा ठरलेल्या: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. या तारखांच्या आधीचे दोन दिवस मी कुणाच्याही कामाची नाही. फेब्रुवारीपासून बेदाणा आणि नवी हळद एकदमच बाजारात येते, सौद्याचा, म्हणजे लिलावाचा दिवस असला की पट्ट्या (विक्रीचे हिशेब), तोलाई, हमाली, अडत यांचे कागद संध्याकाळी एकगठ्ठा टेबलावर पडतात, आणि त्यातच मार्चएंड. त्या काळात कांदेपोहे ठरवले तर मुलाला वाटणार मुलगी घुमी आहे. मे ते जानेवारी, आणि महिन्यातला २१ ते ३० हा काळ तुमचा.

बाबा, आता तुमचं काम, आणि यात तुमचा हात धरणारं कुणी नाही. ‘बारा एकर बागायत’ असं कुणी सांगितलं की महाभूमीच्या साइटवर गाव आणि गट नंबर टाकून सातबारा बघायचा. नुसता बघायला पैसे लागत नाहीत, डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, एक एकर म्हणजे साधारण ४० आर. नावं किती आहेत ते मोजा. बारा एकर सामाईक खात्यात सहा जणांच्या नावावर असेल तर मुलाच्या वाट्याला काय येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मग ‘इतर हक्क’ वाचा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथे दिसतो. बोजा आहे म्हणून स्थळ वाईट ठरत नाही, पीककर्ज कुणावर नाही? आकडा आणि सांगणं जुळतं का, एवढंच बघायचं.

ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा निवडून पक्षकाराचं नाव आणि साल टाकलं की खटले दिसतात. नाव इंग्रजीत दोन-तीन स्पेलिंगनी टाकून बघा, एका वेळी सापडेलच असं नाही, आणि त्याच नावाचा भलताच माणूसही निघतो. वाटणीचे दावे सोडून द्या, ते घरोघरी असतात. चेक बाउन्सचा, म्हणजे कलम १३८ चा, किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा खटला दिसला तर मला कळवा. घटस्फोटित स्थळाला माझी हरकत नाही, हे आईला पुन्हा सांगते. फक्त हुकूमनाम्याची कोर्टाची प्रमाणित प्रत बघायची, ‘झाल्यातच जमा आहे’ चालणार नाही. हिंदू विवाह कायद्यात अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे, ती उलटून गेली का ते मोजायचं. पगारपत्रक मागू नका, अवघडल्यासारखं होतं. साखरपुड्याआधी आम्ही दोघं एकमेकांचा क्रेडिट रिपोर्ट बघू. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो आणि त्यात हप्ते, थकबाकी, क्रेडिट कार्ड सगळं उघडं पडतं. हे काम माझं, माझा तो धंदाच आहे.

‘एकटी राहतेस, रात्री-अपरात्री काही झालं तर?’ याचं उत्तर लग्न हे नव्हे, किल्ली हे आहे. सातारा ते सांगली कितीही घाई केली तरी तीन तास धरा, म्हणजे पहिले तीन तास इथल्याच कुणीतरी निभवायचे. फ्लॅटची एक किल्ली खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे, एक मैत्रिणीकडे. फ्रीजवर कागद: रक्तगट, ॲलर्जी, पॉलिसी नंबर, टीपीएचा (विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीचा) फोन, तुमचा आणि दादाचा नंबर. त्याच्या मागे पाकिटात हेल्थ कार्ड, आधार, पॅन यांच्या झेरॉक्स, कारण कॅशलेसला नेमके तेच मागतात आणि नेमके तेच कपाटात कुलूपबंद असतात. पीएफला नॉमिनी तुम्ही दोघं. लग्न झालं की ते नॉमिनेशन नव्याने भरावं लागतं, ते भरीन.

मैत्रिणींचं म्हणाल तर लग्न झालेल्या मैत्रिणी तुटत नाहीत, त्यांचा वेळ तुटतो. ‘भेटू कधीतरी’ म्हटलं की वर्ष जातं. दिवस ठरवून टाकला तर टिकतं: रविवारी सकाळी साडेसहा, आमराईत चालणं, आठला नाश्ता, नऊला ज्याची त्याची वाट. ज्या मैत्रिणीला लहान मूल आहे तिच्या घरी आपण जायचं आणि जाताना भडंग न्यायचं, म्हणजे ती स्वयंपाकाला लागत नाही. म्हणून सांगते, रविवारी नऊच्या आत फोन केलात तर मी उचलणार नाही.

राहिले नातेवाईक. ‘बघतोय’ असं उत्तर देऊ नका. ‘बघतोय’ म्हटलं की समोरचा खिशातून दोन बायोडेटा काढतो. ‘तिचं चाललंय, ठरलं की पहिला फोन तुम्हाला’ असं सांगायचं आणि त्यांच्या सुनेची चौकशी करायची. विषय आपोआप बदलतो. जातीबाहेरचं ठरलं तर काय, हा प्रश्न आत्याने विचारला असं कळलं. दोघंही हिंदू असतील तर हिंदू विवाह कायद्यानेच होतं. धर्म वेगळा असेल तर स्पेशल मॅरेज ॲक्ट, १९५४ चा. त्यात दोघांपैकी एकजण निदान ३० दिवस राहत असेल त्या जिल्ह्यात नोटीस द्यायची, ती ३० दिवस लावतात, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत. आत्याला यातलं एवढंच सांगा की साक्षीदार तीन लागतात, तिचं नाव धरलंय.

पुढच्या शनिवारी या. ३बी भरून झालेला असेल. एसटीने आलात तर आईला महिला म्हणून अर्धं तिकीट, बाबांना ज्येष्ठ म्हणून अर्धं, फक्त आधार कार्ड खिशात ठेवा. (कंडक्टरला दाखवायला. ग्रुपवर टाकायला नाही.) येताना माझी दहावीची आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रं आणा, निळ्या फाइलमध्ये आहेत. कंदी पेढे अर्धा किलोच. गेल्या वेळचे ऑफिसात वाटले तर सगळ्यांनी लग्न ठरलं म्हणून अभिनंदन केलं.

तुमची,
मुक्ता