ट्रंका उघडा पोरीहो, समूहगानाच्या कॅसेट पाहिजेत

नमस्कार मैत्रिणींनो, आणि ढोलकीला साथ करणाऱ्या भावांनो तुम्ही पण वाचा.

आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या मुलींच्या समूहगानाचा इतिहास लिहायला घेतलाय माजी विद्यार्थिनी मंडळानं, आणि पहिल्याच पानावर गाडी अडकली. ग्रुप सुरू कधी झाला? उदगीरच्या ताई म्हणतात भूकंपानंतर, गंगाखेडच्या म्हणतात छे, आधी. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा धक्का बसला, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, आरतीला वाजवायची पेटी (हार्मोनियम) होस्टेलच्या खोलीतच होती आणि सगळ्या अंगणात पळाल्या तेव्हा एक मुलगी ती पेटी छातीशी धरून बाहेर आली, चप्पल नाही, ओढणी नाही, पेटी! म्हणजे ग्रुप आधीचाच. पण हे सगळं तोंडी, कागद एक नाही.

कागद नसायचं कारण पण आहे. ग्रुप पहिल्यांदा युवक महोत्सवाला गेला तो मराठवाडा विद्यापीठाकडून, औरंगाबादला. जानेवारी 1994 मध्ये नामविस्तार झाला, त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आलं आणि आपण तिकडं गेलो, आणि 2017 नंतर लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाकडं. तीन विद्यापीठं, तीन शिक्के. प्रत्येक बदलात परीक्षेचं रेकॉर्ड नीट पोचलं, गाण्याचं कोण पोचवतंय? त्यात कॉलेजनं एकदा कल्चरलचं कपाट रद्दीत काढलं, त्याचं दुःख आता उगाळत नाही. जे काही उरलंय ते तुमच्या माहेरच्या ट्रंकेत.

नव्या मुली विचारतात, मुलींचं वेगळं कशाला? बायांनो, आधी मुलं-मुली एकत्रच गायचे. पण मुलं सूर काळी एकमध्ये (पेटीवरची खालची पट्टी) धरायची, मुलींचा आवाज खाली बुडून जायचा, आणि वर काळी चारला नेलं की मुलांच्या मानेच्या शिरा. महोत्सवात गाणारे सहाच, त्यात आमच्या वर्गात 60 मध्ये 7 मुली, मग कापल्या कोण जायच्या ते सांगायला नको. एका वर्षी मुली चिडल्या आणि वेगळ्या झाल्या, बस्स, एवढाच तो "स्थापना समारंभ". प्रॅक्टिस ड्रॉइंग हॉलमध्ये, तिथं आवाज घुमायचा, आणि वॉचमन मामा दारातून "कशाला वरडायलाव गं पोरीहो, सबमिशन नाही का" म्हणायचे आणि जनाबाईचा अभंग सुरू झाला की तिथंच स्टूल ओढून बसायचे.

आत्तापर्यंत 31 कॅसेट जमल्यात. एक मी स्वतः ऐकली. आधी पंखा, मग कुणीतरी "सूर दे ना", मग अख्खी ओवी, आणि तिसऱ्या कडव्याला सगळ्यांचा आवाज एकदम चिरका होत होत बंद. मला वाटलं टेप खराब. मग इलेक्ट्रिकलचं डोकं चाललं, रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली होती! मोटर हळू पडत गेली, म्हणून आता नीट स्पीडला लावलं की शेवट चिरका वाजतो. ऐकून हसले आणि मग रडले पण.

आता मुद्द्याचं. कॅसेट डिजिटल करायला जेवढी लांबी तेवढाच वेळ लागतो, साठ मिनिटांची असेल तर पूर्ण तास, शॉर्टकट नाही. एकीचे 300 रुपये, म्हणजे 9,300. पुस्तिकेच्या 200 प्रतींची छपाई 18,000. एकूण 27,300, पैकी 11,000 जमले, 16,300 कमी आहेत. शंभर दिले तरी चालतील, लाजू नका. मंडळ अजून रजिस्टर नाही, त्यामुळं आयकर सवलतीची (80-जी) पावती मिळणार नाही, साधी पावती मिळेल, ती मात्र मागून घ्या.

पैशापेक्षा जास्त गरज कॅसेट, फोटो, सर्टिफिकेट, हातानं लिहिलेल्या गाण्याच्या वह्यांची. आणि हात जोडून सांगते, जुन्या डेकमध्ये "बघू तरी वाजते का" म्हणून कॅसेट घालू नका, टेप गुंडाळली की संपलं. पत्र्याखाली, माळ्यावर असेल तर आधी खाली काढा, पावसाळ्याच्या आत, ओल धरली की बुरशी येते. फोटोच्या मागं काही लिहिलं असेल तर त्याचा पण फोटो काढून ग्रुपवर टाका. कुरिअरचा खर्च मंडळ देईल.

आणि ती पेटी घेऊन पळालेली मुलगी कोण, कुणाला आठवतंय का? गंगाखेडच्या ताईंना फक्त एवढंच आठवतंय की ती सिव्हिलची होती आणि डाव्या हातानं भाता मारायची नाही, उजव्यानं मारायची.