एन. डी. पाटील यांची नोंद अपुरी

कोल्हापूरच्या माजी आमदारांवरील आपल्या लेखात शेतकरी कामगार पक्षाचे नेते प्रा. एन. डी. पाटील यांची '१९८५चे आमदार' अशी एका ओळीत बोळवण झाली, हे पटले नाही. १९८५ ते १९९० ही त्यांची विधानसभेतील कारकीर्द खरी. पण त्याआधी १९६० ते १९८२ या काळात ते एकूण अठरा वर्षे विधान परिषदेत होते आणि १९७८ ते १९८० सहकारमंत्री. विधानसभेवर निवडून आल्याची वर्षे मोजण्याची सवय लागली की परिषद नेमकी गळते. (आपल्याकडे परिषद म्हणजे पराभूत नेत्यांचे पुनर्वसन, असा समज असल्यामुळेही असेल.) शिवाय कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात ते पुढे होते, तेव्हा त्यांची आमदारकी संपून दोन दशके उलटली होती. पुढील लेखात परिषदेतील त्यांच्या कामाचीही नोंद यावी.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर