भाऊ, ते रकाने कोरे ठेवलेत म्हणून

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी तुम्हाला एकट्याला पाठवलं असतं, तर तुम्ही "बरं बरं, असू दे" म्हणून विषय मिटवला असता. म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. वीज गेल्यावर कोसळलेली आमची फाइल सिस्टीम तुम्ही पुन्हा उभी केलीत हे तर खरंच, पण ज्या क्रमाने केलीत आणि जिथे थांबलात, ते अशा यंत्रणा सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या इतर मुलामुलींपर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना काही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आमच्या गटाचा सगळा डेटा लस्टरवर असतो. लस्टर म्हणजे एकाच वेळी अनेक सर्व्हरांवर पसरलेली समांतर फाइल सिस्टीम. १९९९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात पीटर ब्राम यांनी तिचं काम सुरू केलं आणि आज जगातल्या कितीतरी महासंगणकांमागे तीच आहे. तिच्यात फाइल एका जागी नसते. फाइलचं नाव, फोल्डर, मालक, परवानग्या आणि तिचे तुकडे कुठे ठेवलेत याची नोंद मेटाडेटा टार्गेटवर, म्हणजे एमडीटीवर असते. खरा मजकूर ओएसटी नावाच्या वेगळ्या डिस्कगटांवर ऑब्जेक्टच्या रूपात असतो. त्या ऑब्जेक्टला नाव नसतं, नुसता क्रमांक असतो.

पहिल्या पावसात वीज गेली आणि जनरेटरने भार घेण्याआधीच यूपीएस बसला. मेटाडेटा सर्व्हरच्या रेड कंट्रोलरची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाची, बॅटरी कधीचीच निकामी झाली होती, पण त्याने तसा इशारा कधी दिला नव्हता. "डिस्कवर लिहिलं" असं कंट्रोलरने कळवलेलं बरंच काही तोवर त्याच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीतच होतं. वीज गेली, तेही गेलं. फाइल सिस्टीमला जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही होती, तरी उपयोग झाला नाही. जर्नलचा सगळा भरवसा आधी काय उतरलं आणि मग काय उतरलं या क्रमावर असतो, आणि इथे तो क्रमच मोडला होता. ओएसटी मात्र धडधाकट होत्या. गोव्यातल्या माणसाला कळेल असं सांगायचं तर जमीन जागच्या जागी होती, एक-चौदाचे उतारे, म्हणजे मालकीचे कागद, तेवढे नाहीसे झाले होते.

आणि त्या जमिनीत काय होतं, तेही सांगायला हवं. मांडवी आणि झुवारीच्या पाण्याच्या खारटपणाची वर्षानुवर्षांची मोजमापं. उन्हाळ्यात खारं पाणी नदीत किती आत चढतं, पाऊस लागला की गोडं पाणी त्याला किती लवकर बाहेर ढकलतं, कुंभारजुव्याच्या कालव्यातून दोन्ही नद्यांचं पाणी कसं मिसळतं, हे सगळं. चोडण-दिवाडीच्या खाजनांत, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांत, बांध आणि मानशी (पाण्याची दारं) सांभाळून शेती करणाऱ्यांच्या दृष्टीने हे आकडे म्हणजे पीक. त्यांतला एखादा मे महिना हरवला तर तो पुन्हा मोजता येत नाही.

देखभालीचं कंत्राट ज्यांच्याकडे होतं, त्यांचा सल्ला सरळ होता: एमडीटीचा काही महिन्यांपूर्वीचा बॅकअप आहे ना, तो चढवा आणि यंत्रणा सुरू करा. ऐकायला किती बरं वाटत होतं! तुम्ही दिचोलीहून फोनवरच म्हणालात, "मी येईपर्यंत काही माउंट करू नका." म्हणजे कुठलीच डिस्क वापरात जोडायची नाही. मग भर पावसात कदंब बस पकडून आलात.

भाऊ, त्या एका वाक्याने काय वाचलं हे मला नंतर कळलं. लस्टरमध्ये ओएसटी पुढच्या फाइलींसाठी ऑब्जेक्ट आधीच तयार करून ठेवते आणि मेटाडेटा सर्व्हर कुठल्या क्रमांकापर्यंत वापरले याची नोंद ठेवतो. दोघांची जोडणी झाली की ते हिशेब जुळवतात. मेटाडेटा सर्व्हरकडची नोंद जुनी असेल, तर त्यापुढचे ऑब्जेक्ट वापरातच आले नाहीत असं समजून ते पुसून टाकले जाण्याचा धोका असतो. म्हणजे जुना बॅकअप सरळ चढवला असता, तर बॅकअपनंतरच्या महिन्यांतला शाबूत डेटा आम्ही आमच्याच हाताने घालवून बसलो असतो. तुम्ही दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिल्याशिवाय एकाही ओएसटीला हात लावू दिला नाहीत.

आधी तुम्ही बिघडलेल्या एमडीटीची ब्लॉक-न्-ब्लॉक नक्कल काढायला लावलीत. एमडीटी एकूण साठवणुकीच्या मानाने लहान असते, म्हणून हे परवडतं. मूळ डिस्क काढून, चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवलीत आणि किल्ली आमच्या विभागप्रमुखांच्या हातात दिलीत. पुढची सगळी शस्त्रक्रिया नकलेवर. ई२एफएससीके हे फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारं साधनसुद्धा लस्टरसाठी सुधारलेलंच वापरायचं, लिनक्ससोबत येणारं साधं नाही, कारण लस्टर फोल्डरच्या नोंदींत जी जादा माहिती ठेवतं ती साध्याला ओळखता येत नाही. आधी काहीही न बदलता फक्त काय बिघडलंय ते पाहणारी फेरी, तिचा छापील अहवाल, तो वाचून मगच दुरुस्ती.

दुरुस्तीनंतर हजारो फाइली लॉस्ट अँड फाउंड या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये येऊन पडल्या. नावाच्या जागी नुसते आयनोडचे, म्हणजे फाइलच्या अंतर्गत नोंदीचे, क्रमांक. तिथे माझा धीर सुटला होता. तुम्ही खुर्ची ओढलीत, त्यांतल्या एका आयनोडची जोडमाहिती पडद्यावर काढलीत आणि म्हणालात, "वाच." आकड्यांच्या त्या रांगेत मध्येच होतं: ६८ ६९ ७३ ३० ३० ३४ ३१. तुम्ही पेनाचं टोक एकेका जोडीखाली ठेवत गेलात. ६८ म्हणजे एच, ६९ म्हणजे आय, ७३ म्हणजे एस, आणि पुढे शून्य, शून्य, चार, एक. पाण्याच्या हालचालीचं गणित मांडणाऱ्या आमच्याच संगणकी मॉडेलच्या ४१व्या हिस्टरी फाइलचं नाव! लस्टर प्रत्येक फाइलच्या आयनोडवर तिचं नाव आणि तिच्या फोल्डरची ओळख नोंदवून ठेवतं, त्याला लिंक ईए म्हणतात, हे मी वाचलेलं होतं. पण फोल्डर फाटून गेल्यावर फाइल स्वतःचं नाव अशी सांगू शकते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

ज्यांचे आयनोडच गेले होते, त्यांचा प्रश्न अवघड होता. तिथे ओएसटीवरचे ऑब्जेक्ट कामी आले. प्रत्येक ऑब्जेक्टवर तो कुठल्या फाइलचा, म्हणजे तिची एफआयडी (लस्टरने तिला दिलेला ओळखक्रमांक), आणि तो तिचा कितवा तुकडा हे लिहिलेलं असतं. मालकाचा क्रमांकही असतो, कारण कोट्याचा, म्हणजे कुणी किती जागा वापरली याचा, हिशेब त्यावर चालतो. एलएफएससीके ही लस्टरची स्वतःची तपासणी याच खुणांवरून तुकडे एकत्र बांधते. तिची ओएसटी आणि एमडीटी ताडून पाहण्याची सोय आवृत्ती २.६ पासूनची आहे. तीही तुम्ही आधी कोरडी, म्हणजे काही न बदलता चालवलीत, मग खरी. अनाथ ऑब्जेक्टांतून फाइली बांधल्या गेल्या, पण त्यांची नावं म्हणजे एफआयडीचे लांबलचक आकडे. परवानग्या तर ऑब्जेक्टवर नसतातच, म्हणून सुरुवातीला प्रत्येक फाइल फक्त तिच्या मालकालाच उघडता येईल अशी ठेवायला तुम्ही सांगितलंत. घाईत माझ्या हे लक्षातही आलं नसतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

डेटा हाती आला होता आणि आम्ही सगळे नावं द्यायला आतुर झालो होतो. तुम्ही कॅन्टीनशेजारच्या दुकानातून एक जाड रजिस्टर आणलंत आणि त्यात रकाने आखलेत. एफआयडी, नाव, आणि नाव कशावरून. पहिल्या प्रकारात लिंक ईएवरून मिळालेली नावं. दुसऱ्यात जुन्या बॅकअपमध्ये तीच एफआयडी सापडली म्हणून मिळालेली. एफआयडी एकदा दिली की लस्टर ती पुन्हा दुसऱ्या फाइलला देत नाही, म्हणून ही ओळख पक्की. तरीही तिथे "बॅकअपच्या दिवशीचं नाव" असं लिहायचं, कारण मधल्या काळात कुणी नाव बदललं असेल तर? तिसऱ्यात फाइलच्या पोटातून मिळालेली. आमचं मॉडेल, रोम्स, आपल्या नेटसीडीएफ प्रकारच्या डेटा फाइलींच्या शीर्षभागात फाइलचं नाव आणि शीर्षक लिहून ठेवतं, पाण्याचा खारटपणा आणि तापमान मोजणाऱ्या सीटीडी यंत्राच्या मजकुरी फाइलींतही सुरुवातीला फाइलचं नाव असतं. इथपर्यंतचं सगळं पेनाने. जॉबच्या, म्हणजे संगणकावर कधी कुठलं काम चाललं त्याच्या, नोंदी आणि फाइलची वेळ जुळवून काढलेला अंदाज मात्र पेन्सिलने. आणि अंदाजालाही आधार नसेल, तर रकाना कोरा.

आमची संशोधक विद्यार्थिनी त्या वेळी किती काकुळतीला आली होती, तुम्हाला आठवत असेल. तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण एका उधाणाच्या दिवशी झुवारीत होडीवर बसून घेतलेल्या मोजमापांवर उभं होतं. ती म्हणाली, "ही फाइल कुठ्ठाळीचीच, आकडे बघूनच कळतंय." तुम्ही रागावला नाहीत. पेन्सिल तिच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "बाय, मग हिने लिही." पुढे होडीवर वापरलेल्या जीपीएसची नोंद तिच्या पिशवीतल्या यंत्रात सापडली. फाइल कुठ्ठाळीची नव्हती, समोरच्या काठावरच्या आगशीची होती. दोन्ही जागा नदीच्या आमोरासमोर, आकडे जवळजवळ सारखे, फसायला काहीच वेळ लागला नसता. तिने स्वतःच पेन्सिलीची ओळ खोडली आणि पेनाने लिहिलं.

मी या क्षेत्रात बरेच हुशार लोक पाहिले आहेत. हरवलेलं परत आणणारे त्यांतही आहेत. पण परत आणलेल्यातलं किती खरंच परत आलं आणि किती आपण जोडलं, हे इतक्या काटेकोरपणे वेगळं ठेवणारा माणूस मला तुमच्या रूपाने पहिल्यांदा भेटला. वरून दबाव होता. "सगळं मिळालं" असं एकदा लिहून द्या, म्हणजे अहवाल पुढे जाईल, असं तुम्हाला माझ्यासमोर सांगितलं गेलं. तुम्ही शांतपणे रजिस्टर उघडून कोरे रकाने दाखवलेत आणि तेवढेच अहवालात घालायला लावलेत. आज कुणी खाजनांबद्दल सल्ला मागायला आलं, तर कुठला आकडा छातीठोकपणे सांगायचा आणि कुठला नाही हे आम्हाला ठाऊक आहे. ते फक्त तुमच्यामुळे.

आणि या सगळ्याचे तुम्ही काय घेतलंत? कॅन्टीनची भाजी-पाव आणि चहा. बसभाडंसुद्धा घेतलं नाहीत. तेव्हा भीड पडली म्हणून बोलले नाही, आता बोलते: तुम्ही निवृत्तीनंतरचे स्वतःचे दिवस, गुडघा दुखत असताना, त्या थंडगार सर्व्हर खोलीत घालवलेत. माझ्यावर, आमच्या मुलांवर, आणि ज्यांना तुमचं नावही माहीत नाही अशा शेतकऱ्यांवर हे ऋण आहे. मी ते विसरणार नाही.

तुम्ही सांगून गेलात त्याप्रमाणे एमडीटीची नक्कल आता रोज रात्री वेगळ्या इमारतीतल्या यंत्रावर जाते. कंट्रोलरची बॅटरी दर महिन्याला प्रत्यक्ष तपासली जाते, आणि ती नादुरुस्त असेल तर कॅशवर न विसंबता थेट डिस्कवर लिहायची सेटिंग केली आहे. प्रत्येक स्क्रिप्ट आता ठिकाण आणि तारीख फाइलच्या आतही लिहिते. रजिस्टरमधले काही रकाने अजून कोरेच आहेत. नव्या मुलांना कामावर घेताना मी आधी ते रजिस्टर वाचायला देते.

विद्यार्थिनीचा प्रबंध मान्य झाला. ऋणनिर्देशात तुमचं नाव नको असं तुम्ही बजावलं होतं, तरी तिने ते घातलं आणि मी तिला अडवलं नाही. आगशीच्या त्या आकड्यांचा तक्ता चौथ्या प्रकरणात आहे, त्याखाली नोंद कशावरून हेही छापलंय. तो तेवढा एकदा नजरेखालून घाला आणि काही खटकलं तर कळवा. प्रत या आठवड्यात पोस्टाने पाठवते.

वहिनींना नमस्कार सांगा.

आपली,
तुमच्याकडून आकड्यांतलं नाव वाचायला शिकलेली, सर्व्हर खोलीतली मुलगी
फोंडा, गोवा