सीडी४ चा आकडा बघून खचू नको

बाळा,

तू रिपोर्टचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, आई सगळं करून पण सीडी४ २३० च. सीडी४ म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, एचआयव्ही ज्यांना मारतो त्याच. फोनवर तू नुसतं हो हो म्हणतोस म्हणून लिहितेय, नीट वाच.

अरे त्याच कागदावर वरती बघ ना, एचआयव्हीचा व्हायरल लोड टार्गेट नॉट डिटेक्टेड, म्हणजे रक्तात व्हायरस सापडलाच नाही. आणि हेपेटायटिस सी च्या गोळ्या संपून तीन महिने झाल्यावर केलेली टेस्ट पण निगेटिव्ह, म्हणजे सी बरा झाला. मी लॅबमध्ये होते तेव्हा सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, दर आठवड्याला एक, जवळजवळ वर्षभर, माणूस तापाने फणफणायचा आणि एचआयव्ही असेल तर सीडी४ त्या इंजेक्शननेच अजून खाली यायचा. तुझं १२ आठवड्यांत गोळ्यांवर झालं, ती पण २०१८ पासून सरकारी प्रोग्राममध्ये फुकट मिळतात. मला तर रिपोर्ट बघून रडू आलं, आनंदाने.

आता २३० चं सांगते. व्हायरस दबला की प्रतिकारशक्ती लगेच परत येते असं नसतं रे, पूर ओसरला तरी घरातला चिखल किती दिवस निघतो हे आपल्याला सांगलीत राहून माहितीये. तू ९० वर होतास तेव्हा एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, सुरू झालं. पहिल्या काही महिन्यांत आकडा भरभर चढला तो बराचसा लिम्फच्या गाठींत अडकलेल्या जुन्या पेशी रक्तात आल्यामुळे. नव्या पेशी थायमसमध्ये तयार होतात आणि ती ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते, म्हणून पुढची वाढ हळू, कधीकधी काही वर्षं लागतात. आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ तर एचआयव्ही अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतच मारून टाकतो, ती झीज सगळ्यात उशिरा भरते. ज्यांची ट्रीटमेंट कमी आकड्यावर सुरू झाली त्यांच्यातल्या काहींचा आकडा व्हायरस पूर्ण दबूनसुद्धा कमीच राहतो, त्यात तुझी काही चूक नाहीये.

आणि सी गेला म्हणून सीडी४ उडी मारेल असंही नाही. वर्षानुवर्षं सी शी झुंजून टी पेशी (सीडी४ त्यातल्याच) थकलेल्या असतात, सी गेल्यावर थोड्या सावरतात पण थकव्याच्या खुणा राहतात. आणि सी एकदा बरा झाला तरी पुन्हा होऊ शकतो, लस नाही त्याला. सुई, ब्लेड, कंडोम, सगळं सांभाळ. तुला कसं झालं ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही, पण हे आई म्हणून सांगणारच.

लिव्हरचा त्रास झालेल्यांची प्लीहा सुजलेली असली तर पेशी तिथेच अडकून आकडा कमी दिसतो, तेव्हा टक्केवारी, म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींत सीडी४ किती टक्के, ती बघायची असते. तुझ्या रिपोर्टवर टक्केवारी कापली गेलीये, पूर्ण फोटो पाठव.

तो रूममेट इम्युनिटी वाढवायची पावडर घे म्हणतोय ती अजिबात घेऊ नकोस. करोनात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर सुजलेले पेशंट नोंदवले होते, तुझं लिव्हर आत्ता कुठे सुटलंय. कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीचं औषध घ्यायचं झालं तर एचआयव्हीच्या डोल्युटेग्राव्हिरच्या गोळीबरोबर नको, काही तासांचं अंतर लागतं, एआरटी सेंटरवर विचारून घे. आणि सेप्ट्रान, ती इन्फेक्शन टाळायची गोळी, डॉक्टर बंद म्हणेपर्यंत चालू.

एक राहिलं, हेपेटायटिस बी ची लस झालीये का तुझी? नसेल तर तारीख घे. एचआयव्ही असताना ती कधीकधी नीट लागत नाही म्हणून नंतर अँटीबॉडी पण तपासायला सांग, कळलं का. मी रविवारी येतेच आहे, हवं तर आपण दोघं सेंटरला जाऊ सोमवारी.

आई