दळणवळण मंत्र्यांना खुलं पत्र : माझं 'अनलिमिटेड' बावीस तासांत संपतं

प्रति,
मा. श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली.

विषय : वर्षाचे पैसे आधी घेऊन मध्येच डेटाची मर्यादा आणि वेग कापणाऱ्या ब्रॉडबँड कंपन्यांबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या घराण्याचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कण्हेरखेड, म्हणून हे पत्र मराठीत लिहायचं धाडस करतोय. हिंदीत लिहिलं असतं तर कंपनीच्या कॉल सेंटरलाही वाचता आलं असतं, पण त्यांना कळून उपयोग नसतो हे अनुभवलंय.

माझा बार्शीत फोटो स्टुडिओ आहे. वडील डार्करूममध्ये रोल धुवायचे, मी लग्नाचे व्हिडिओ करतो. गेल्या आठवड्यात धाराशिवला एक लग्न होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिसेप्शन, आणि तिथं एलईडी वॉलवर लग्नाची 'हायलाइट' दाखवायची असं मुलीच्या वडिलांना कबूल केलेलं. आमचा एडिटर पुण्यात बसतो. रात्री घरी येऊन कॅमेऱ्यांची कार्डं रिकामी केली, सगळं मिळून साठ जीबी झालं, ते अपलोडला लावलं आणि आडवा झालो. माझा प्लॅन १०० एमबीपीएसचा, अनलिमिटेड. दीड तासाचं काम. सकाळी सहाला उठून बघतो तर सात टक्के.

कस्टमर केअरला फोन लावला. 'सर, आपका एफयूपी खतम हो गया है.' एफयूपी म्हणजे 'फेअर युसेज पॉलिसी', ठरलेला डेटा संपला की वेग कापायची मर्यादा. मी म्हटलं, महिन्याला ३३०० जीबी दिलेत, मी हजाराच्या वर कसाबसा गेलोय. तर उत्तर आलं की आपला प्लॅन 'रिव्हाइज' झाला आहे, आता मर्यादा १००० जीबी. त्यानंतर २ एमबीपीएस. कधी रिव्हाइज झाला? मागच्या बिलिंग सायकलपासून. मला कळवलं का? 'सर, वेबसाइट पे अपडेटेड है.'

साहेब, मी दिवाळीत बारा महिन्यांचे पैसे एकरकमी भरले आहेत, वर अठरा टक्के जीएसटी. आपल्या सरकारचा वाटा त्याच दिवशी पोचला, तो कुणी रिव्हाइज केला नाही.

शेवटी काय केलं? हार्ड डिस्क फडक्यात गुंडाळली आणि सातच्या पुणे गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरच्या हातात दिली. कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर करत ती एकच्या सुमारास स्वारगेटला पोचली. मी नंतर बसून हिशेब केला. साठ जीबी सहा तासांत म्हणजे लालपरीचा वेग बावीस एमबीपीएसच्या वर भरतो, तोही मध्ये चहाला थांबून. माझ्या कंपनीच्या फायबरवरून तेवढंच सामान पोचायला सहासष्ट तास लागले असते. एसटीला एफयूपी नाही हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण उद्या महामंडळाला कुणीतरी कल्पना द्यायचा.

तरी हायलाइट वेळेत झाली नाही. डिस्क दुपारी पोचली, उरलेल्या वेळात एडिटिंग उरकत नाही. रिसेप्शनभर एलईडी वॉलवर वधूवरांची नावं आणि डीजेवाल्याचा मोबाइल नंबर गोल गोल फिरत होता. मुलीचे वडील चारचौघांत काही बोलले नाहीत, हिशेबाच्या वेळी त्यांनी पंधरा हजार कापले. ते पैसे गेले ते गेले. पण त्यांच्याच भावकीतलं मे महिन्यातलं लग्न माझ्याकडे येणार होतं, ते आता बार्शीतल्याच दुसऱ्या स्टुडिओकडे गेलं. आमचा धंदा पत्रिकेवर चालत नाही, तोंडी चालतो. 'त्याचं व्हिडिओचं काम चांगलं आहे, पण वेळेवर देत नाही' हे एवढं वाक्य तालुकाभर फिरायला कुठल्याही बँडविड्थची गरज लागत नाही. मी वीस वर्षांत कुणाचं काम उशिरा दिलं नव्हतं. आता हे कुणाला सांगू? मुलीच्या बापाला एफयूपी समजावून सांगू?

आता जरा आकडे बघा. १०० एमबीपीएसचा वेग खरोखर मिळाला, तर १००० जीबी बावीस तासांत संपतात. महिना तीस दिवसांचा, अनलिमिटेड बावीस तासांचं. दिवाळीत विकत घेतलं तेव्हा ते त्र्याहत्तर तासांचं होतं, म्हणजे तेव्हाही फसवणूकच, पण निदान ठरलेली फसवणूक. आता ठरलेलीही राहिली नाही. देशात वायरवरच्या ब्रॉडबँड जोडण्या चार कोटींच्या पुढे आहेत म्हणतात. प्रत्येकाकडून महिन्याला शंभर रुपयांचा माल असा गुपचूप कमी केला, तर महिन्याला चारशे कोटी होतात. हिशेब कच्चा आहे, प्रत्येक कंपनी असं करत नसेल, मान्य. पक्का हिशेब ज्यांनी ठेवायचा ते ठेवत नाहीत म्हणून मला कच्चा करावा लागतो.

कायदे नाहीत असं मी म्हणणार नाही. कायदे आहेत, आणि ते मी आता रात्री जागून वाचलेत. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, २०१६ च्या ऑक्टोबरात ब्रॉडबँड कंपन्यांना सांगितलं की डेटाचा वापर पन्नास टक्के, नव्वद टक्के आणि शंभर टक्के झाला की ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलनं कळवायचं. मला या कंपनीकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, अक्षय्य तृतीयेची ऑफर आली, ओटीटी पॅकची आठवण आली. नव्वद टक्क्यांचा संदेश तेवढा आला नाही. त्याच आदेशात मर्यादा संपल्यावरही वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका असं आहे. त्या वेगानं माझे साठ जीबी जवळपास अकरा दिवसांत पोचले असते, नवरानवरी तोवर फिरून परत आली असती.

आणि कंपनीनं नेमका २ एमबीपीएस हाच आकडा का निवडला असेल? आपल्याच खात्यानं २०२३ च्या जानेवारीत ब्रॉडबँडची व्याख्या बदलली आणि किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला. म्हणजे कंपनी मला जिथं नेऊन आपटते, ती जागासुद्धा सरकारी व्याख्येनुसार 'ब्रॉडबँड'च आहे! बोला आता. आणि २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणात काय लिहिलं होतं, आठवतं का? २०२२ पर्यंत प्रत्येक नागरिकाला ५० एमबीपीएस. पन्नासचं वचन होतं, मुदत उलटल्यावर व्याख्या दोनची केली. वचन पाळायला जमलं नाही की मोजपट्टीच बुटकी करायची, हे मी आमच्या नगरपालिकेतही पाहिलंय, पण ती निदान पन्नास कोणाला कबूल करत नाही.

मर्यादा संपायच्या आधीची गोष्टही सांगतो. रात्री आठ ते अकरा या वेळात माझा क्लाउडवरचा अपलोड अक्षरशः रांगतो. त्याच क्षणी स्पीड टेस्ट लावली की ९८, ९९, १००. माझ्या भाच्यानं एकदा व्हीपीएन चालू करून दिलं, तर तीच फाइल त्याच वायरवरून पळायला लागली. म्हणजे वायर ठीक आहे, राउटर ठीक आहे, आत काय चाललंय हे कंपनीला दिसेनासं झालं की वेग येतो. याचा अर्थ काय काढायचा? कंपनीचा तंत्रज्ञ म्हणाला, 'वायफायचा प्रॉब्लेम असेल, तुमच्या भिंती जाड आहेत.' संगणकाला केबल लावलेली होती, त्याच्या डोळ्यांसमोर.

नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखी वागणूक देण्याच्या, बाबतीत भारतानं जगाला रस्ता दाखवला असं भाषणांतून ऐकतो. २०१५ मध्ये ट्रायला दहा लाखांहून जास्त ईमेल गेले, त्यातला एक माझा होता. २०१६ च्या फेब्रुवारीत वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर लावायला बंदी आली. २०१८ मध्ये आपल्या खात्यानं परवान्यातच घातलं की कुठल्याही मजकुराला अडवायचं नाही, त्याचा वेग पाडायचा नाही, कुणाला झुकतं माप द्यायचं नाही. 'वाजवी' ट्रॅफिक व्यवस्थापनाला तेवढी सूट. मग वाजवी कुठं संपतं आणि गैरवाजवी कुठं सुरू होतं हे बघायला सगळ्या घटकांचं एक मंडळ असावं, अशी शिफारस ट्रायनं २०२० च्या सप्टेंबरात केली. ते मंडळ कुठं बसतं, साहेब? पत्ता द्या, मी स्क्रीनशॉट घेऊन येतो. बार्शीच्या सामान्य माणसानं व्हीपीएन लावून चोरी पकडायची आणि दिल्लीत त्याची नोंद घ्यायला खुर्चीच नसायची, असा हा कारभार.

बरं, तक्रार करायची तर कुठं? आधी कंपनीचं तक्रार केंद्र, मग कंपनीचंच अपील प्राधिकरण, त्याला निकालासाठी एकोणचाळीस दिवस. ज्यानं खिसा कापला त्याच्याकडे अर्ज, आणि अर्ज फेटाळला तर त्याच्या थोरल्या भावाकडे अपील. ट्राय वैयक्तिक तक्रारी ऐकत नाही, कायद्यानं ते त्यांचं कामच नाही. टीडीसॅट, म्हणजे दूरसंचार वादांचं न्यायाधिकरण, तिथं एकट्या ग्राहकाला प्रवेश नाही. ग्राहक मंचाचं दार २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानं लोटलं गेलं, कारण १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात लवादाची सोय आहे म्हणे. ते पुन्हा उघडायला २०२२ उजाडलं. तेरा वर्षं!

आता दार उघडं आहे ना, मग जा सोलापूरला, असं आपण म्हणाल. जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फीसुद्धा नाही. पण माझं भांडण पंधरा हजारांचं नाही, त्या करारातल्या एका कलमाचं आहे. 'कंपनी कोणत्याही वेळी, पूर्वसूचनेशिवाय, प्लॅनमध्ये बदल करू शकते.' मी मात्र मध्येच सोडायचं म्हटलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत नाहीत, राउटर धड परत केला नाही तर डिपॉझिट नाही, आणि वाद झाला तर न्यायक्षेत्र दिल्ली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशा एकतर्फी कराराविरुद्ध दाद मागता येते, हे वाचून मला आनंद झाला. तो पुढच्या पानापर्यंत टिकला. अन्याय्य करार म्हणून दाद मागायची तर जिल्हा आयोगाला तो अधिकारच नाही, राज्य आयोगाकडे मुंबईला जायचं. म्हणजे ज्याच्याकडे वकील आणि मुंबईत राहायची सोय आहे, त्यालाच अन्याय्य करार झाला असं समजायचं. बाकीच्यांचे करार न्याय्य!

मोबाइलच्या दरांबाबत ट्रायनं २००६ मध्येच ठरवलं होतं की सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचे पैसे आधी घेतले तर ती मुदत संपेपर्यंत ग्राहकाच्या तोट्याचा बदल करायचा नाही. माझ्या वायरला हा न्याय कधी मिळणार? का वायरवाला ग्राहक हलक्या जातीचा?

आणि ती जाहिरात. वर्तमानपत्रातून आलेलं ते पत्रक मी जपून ठेवलंय. वर मराठीत ठसठशीत 'अनलिमिटेड, बिनधास्त वापरा', खाली एक चांदणी, आणि चांदणीचा अर्थ इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. २०२२ च्या जूनमधल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टाइपात हवा. माझ्या आईला मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही ती चांदणी दिसली नाही.

आपले सहकारी दर भाषणात सांगतात की जगात सर्वांत स्वस्त डेटा भारतात. असेल. मी स्वस्त मागितलाच नव्हता, मी ठरलेला मागितला होता. स्वस्त आहे म्हणून माप कमी चालेल, हे कोणत्या दुकानात चालतं? आमच्या बार्शीच्या मार्केट यार्डात तुरीच्या कट्ट्यात किलोभर घट आली तर आडत्याची गचांडी धरतात. वजनमापं खात्याचा माणूस काटा तपासून शिक्का मारतो. माझ्या वायरचा काटा कोण तपासतो? कंपनीच. शिक्का कोण मारतो? कंपनीच.

दुसरी कंपनी का घेत नाही, असं विचाराल. विचारून पाहिलं. 'तुमच्या एरियात फीजिबिलिटी नाही.' आमच्या गल्लीत जो केबलवाला, तोच फ्रँचायझी, आणि खांबावर दुसऱ्याची वायर चढली की ती आठवड्यात 'जेसीबीनं तुटते'. खांबावर जेसीबी कसा चढतो हेही कुणी सांगत नाही. तिकडे गावागावांत फायबर न्यायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ च्या सुमारास तिचं नाव भारतनेट झालं, २०२३ मध्ये तिला एक लाख एकोणचाळीस हजार कोटी आणखी मंजूर झाले. एवढ्या पैशांत बार्शी तालुक्याला दुसरा पर्याय मिळायला हवा होता. मिळालं काय, तर नवीन नाव. या देशात योजनांची नावं बदलायचा वेग मात्र कधी पडत नाही.

माझ्या मागण्या लिहायच्या राहूनच गेल्या, आणि पत्र लांबलं. आधी पैसे घेतलेल्या मुदतीत प्लॅन कापायला बंदी घाला. कापलाच तर उरलेले पैसे न मागता परत. अपील कंपनीबाहेरच्या माणसाकडे. एवढंच आहे.

आपल्या कार्यालयाकडून उत्तर येणार असेल तर एक विनंती. 'आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित सेवा पुरवठादाराकडे पाठवण्यात आले आहे' असं कळवू नका. संबंधित सेवा पुरवठादारानं कालच मला मेसेज पाठवलाय की माझी तक्रार माझ्या समाधानानुसार बंद करण्यात आली आहे.

आपला,
बार्शीचा एक ग्राहक
(प्लॅन अजून पाच महिने शिल्लक)