कमी किमतीचे इन्सुलिन मागे का पडले?

महोदय,

अमेरिकेत औषधे महाग का, असे विचारले की आपल्याकडे पेटंट आणि कंपन्यांची नफेखोरी ही दोन कारणे लगेच पुढे केली जातात. ती आहेतच. पण पेटंटची मुदत संपलेले आणि बाजारात चार पर्याय असलेले औषधही तिथल्या रुग्णाला महाग का पडते, हे त्यांतून कळत नाही. त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण एका भारतीय कंपनीच्या इन्सुलिनचे आहे.

बेंगळूरुच्या बायोकॉनच्या इन्सुलिन ग्लार्जिनला, म्हणजे ‘सेमग्ली’ला, अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने जुलै २०२१ मध्ये अदलाबदलीयोग्य बायोसिमिलर (जैविक औषधाची जवळजवळ तंतोतंत प्रतिकृती) म्हणून मान्यता दिली. डॉक्टरने मूळ ब्रँड ‘लँटस’ लिहिले असले तरी राज्याच्या नियमांत राहून फार्मासिस्ट परस्पर हे देऊ शकतो, असा तिचा अर्थ. अशी मान्यता मिळालेले हे पहिलेच बायोसिमिलर. भागीदार कंपनी व्हिएट्रिसने नोव्हेंबरमध्ये ते दोन रूपांत बाजारात आणले. ब्रँडचे नाव असलेल्या पाच पेनांच्या पाकिटाची जाहीर किंमत ४०४.०४ डॉलर, आणि नाव नसलेल्या पाकिटाची १४७.९८ डॉलर. औषध तेच. एक्स्प्रेस स्क्रिप्ट्सने आपल्या राष्ट्रीय यादीत पसंतीचे म्हणून घेतले ते ४०४ डॉलरचे.

एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स ही पीबीएम आहे, म्हणजे विमा कंपन्या आणि नोकरी देणाऱ्या कंपन्यांच्या वतीने औषधांचा हिशेब सांभाळणारी मध्यस्थ कंपनी. कोणत्या औषधाला विमा लागू होईल याची यादी, जिला तिथे फॉर्म्युलरी म्हणतात, ती हीच ठरवते. सिग्नाची एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स, सीव्हीएसची केअरमार्क आणि युनायटेडहेल्थची ऑप्टमआरएक्स या तिघींच्या हातून देशातल्या सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शनांचे व्यवहार जातात. यादीत चांगली जागा हवी असेल तर औषध कंपनीने मागाहून परतावा द्यायचा. हा परतावा आणि त्यावरचे प्रशासन शुल्क जाहीर किमतीच्या टक्क्यांत ठरते. त्यामुळे १४८ डॉलरच्या पाकिटातून मध्यस्थाला देण्यासारखे फारसे उरतच नाही. भरीस भर म्हणजे नोकरी देणारी कंपनी पीबीएम निवडताना सल्लागाराकडून ‘दर प्रिस्क्रिप्शनमागे किती परताव्याची हमी’ असा तक्ता मागवते. त्या तक्त्यात स्वस्त औषध तोट्याचे दिसते.

याचा फटका रुग्णाला कसा बसतो, ते आकडे मांडून पाहू. समजा जाहीर किंमत ४०० डॉलर आणि परतावा ६० टक्के. विम्याच्या बाजूला खरी किंमत पडली १६० डॉलर. रुग्णाचा वाटा २५ टक्के ठरलेला असेल, तर तो बहुतेक योजनांत ४०० वर मोजला जातो. म्हणजे १६० डॉलरच्या औषधापैकी १०० डॉलर रुग्णाच्या खिशातून गेले. कागदावर २५ असलेला वाटा प्रत्यक्षात साडेबासष्ट टक्के झाला. डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी रुग्णाने दरवर्षी स्वतः भरायची रक्कम, अजून भरून झालेले नसेल तर रुग्ण पूर्ण ४०० देतो, आणि २४० डॉलरचा परतावा तरीही मागच्या दाराने विमा योजनेकडे व मध्यस्थाकडे जातो. डिडक्टिबल जानेवारीत पुन्हा शून्यापासून सुरू होते. मधुमेही रुग्णाला वर्षाचे पहिले महिने जड जातात ते यामुळे.

पीबीएमची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. परताव्याचा बराचसा भाग प्रीमियम कमी ठेवायला वापरला जातो. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी योजनेच्या औषध विम्यातले परतावे थेट औषधाच्या काउंटरवर द्यावेत, असा प्रस्ताव ट्रम्प प्रशासनाने २०१९ मध्ये मांडला. तेव्हा अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने दहा वर्षांत सरकारी खर्च १७७ अब्ज डॉलरने वाढेल असा अंदाज दिला. नियम झाला, पण अंमल २०३२ पर्यंत पुढे ढकलला गेला. माझे म्हणणे एवढेच, की सर्वांचा प्रीमियम थोडा कमी करण्यासाठी आजारी माणसाकडून जास्त पैसे घेणे हे विम्याच्या मूळ कल्पनेच्या उलट आहे. धडधाकट माणसांनी आजाऱ्याचा भार उचलावा यासाठीच तर विमा असतो.

किमती खरोखर उतरल्या त्या एका कमी चर्चेतल्या तरतुदीमुळे. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेला औषध कंपन्या कायद्याने परतावा देतात आणि किंमत महागाईपेक्षा जास्त वाढवली तर दंडही भरतात. या एकूण रकमेवर औषधाच्या सरासरी किमतीच्या १०० टक्क्यांची मर्यादा होती. २०२१ च्या कायद्याने ती १ जानेवारी २०२४ पासून काढून टाकली. वर्षानुवर्षे किंमत चढवलेल्या इन्सुलिनच्या प्रत्येक कुपीमागे कंपनीला मेडिकेडला किमतीपेक्षा जास्त पैसे द्यावे लागणार होते. मार्च २०२३ मध्ये लिली, नोव्हो नॉर्डिस्क आणि सनोफी या तिन्ही इन्सुलिन कंपन्यांनी एकाच महिन्यात ७० टक्के व त्याहून मोठ्या कपाती जाहीर केल्या. लिलीच्या ‘ह्युमलॉग’ इन्सुलिनची कुपी २७४.७० डॉलरवरून ६६.४० वर आली. इतकी वर्षे संसदेत झालेल्या सुनावण्यांनी जे झाले नाही, ते या एका कलमाने केले.

त्याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. दम्याचे ‘फ्लोव्हेंट’ जीएसकेने त्याच १ जानेवारीला बंद केले आणि तेच औषध ब्रँडशिवाय, कमी किमतीत दुसऱ्या कंपनीमार्फत चालू ठेवले. कमी किमतीचे हे रूप अनेक याद्यांत नव्हते. दम्याच्या लहान मुलांचे इनहेलर ऐन हिवाळ्यात विम्याबाहेर गेले, आणि पालकांना नव्या औषधासाठी पूर्वमंजुरीचे अर्ज भरत बसावे लागले.

जेनेरिकमध्ये चाल वेगळी असते. मुंबईच्या सन फार्माने रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लीव्हेक’चे पहिले जेनेरिक फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेत आणले. पुढे आणखी कंपन्या आल्या आणि कारखान्यातून निघणारी किंमत कोसळली. तरीही तिन्ही पीबीएमच्या मालकीच्या स्पेशालिटी फार्मसींनी (गंभीर आजारांवरची खास औषधे देणाऱ्या दुकानांनी) अशा औषधांवर किती वरकमाई ठेवली, ते अमेरिकेच्या स्पर्धा नियामकाच्या, म्हणजे फेडरल ट्रेड कमिशनच्या जानेवारी २०२५ च्या अहवालात आहे: २०१७ ते २०२२ मध्ये खरेदीच्या अंदाजित खर्चावर ७.३ अब्ज डॉलर. विमा कंपनी, पीबीएम आणि फार्मसी यांचा मालक एकच असला की एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात जातो आणि ताळेबंदात त्याला ‘उपचाराचा खर्च’ म्हणतात. प्रीमियमचे ८० ते ८५ टक्के उपचारावर खर्च करण्याचे कायदेशीर बंधनही मग सहज पाळले जाते. पीबीएमना फार्मसीची मालकीच नको, असा कायदा आर्कान्सा राज्याने एप्रिल २०२५ मध्ये केला; जुलैत फेडरल न्यायालयाने तो रोखला.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी यातून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काउंटरवर विम्याचे कार्ड देण्याआधी रोख भाव विचारावा. विम्यापेक्षा रोखीने स्वस्त पडते हे सांगण्यास फार्मासिस्टला मनाई करणाऱ्या अटी २०१८ पासून बेकायदा आहेत. मात्र काही फार्मासिस्ट आपणहून सांगत नाहीत; विचारावे लागते. इन्सुलिन असेल तर ब्रँड नसलेले रूप मिळते का, ते नावानिशी विचारावे. रोखीने घेतलेले औषध सहसा डिडक्टिबलमध्ये धरले जात नाही, म्हणून वर्षभरात मोठी शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर दोन्ही बाजूंनी हिशेब करावा. औषध कंपनीचे सवलतीचे कूपन वापरत असाल तर योजनेत ‘कोपे अ‍ॅक्युम्युलेटर’ आहे का ते पाहावे. तो असेल तर कूपनची रक्कम डिडक्टिबलमध्ये मोजली जात नाही, आणि कूपन संपले की पूर्ण बिल अंगावर येते. नव्या वर्षाची यादी वेगळी असू शकते. योजना निवडायच्या काळात आपल्या औषधाचे नाव, मात्रा आणि रूप (पेन की कुपी) तिन्ही त्या यादीत तपासावे. नुसते नाव जुळून भागत नाही.

आपल्याकडे पीबीएम नाहीत, पण टक्केवारीवर मोबदला हे सूत्र आहे. औषध किंमत नियंत्रण आदेशाने (डीपीसीओ २०१३) ठरवलेल्या कमाल किमतीत किरकोळ विक्रेत्याच्या खरेदीभावावर १६ टक्के नफा धरलेला असतो. बाकीच्या औषधांत एमआरपी जितकी मोठी, तितकी विक्रेत्याची रक्कम मोठी. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवर व्यापारी नफ्याची ३० टक्क्यांची मर्यादा आली आणि त्यांच्या किमती उतरल्या, पण तीही टक्क्यांतच आहे. आरोग्यविम्यात बाह्यरुग्णांच्या औषधांचा समावेश वाढू लागेल तेव्हा इथेही यादी बनवणारा मध्यस्थ उभा राहील. त्याला दर प्रिस्क्रिप्शनमागे ठरावीक रुपये मिळावेत, किमतीचा टक्का नव्हे. आणि कंपनीकडून काही परतावा आलाच, तर रुग्णाचा वाटा तो वजा करून मोजला जावा. या दोन अटी विमा नियामकाने हा व्यवसाय इथे मूळ धरण्याआधीच लिहून ठेवाव्यात.

आपला,
औषधनिर्माण क्षेत्रातील एक वाचक, पुणे